दर्यावरची हाक, किनाऱ्यावरची ओ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मुंबईत कुलाब्याच्या एका कारखान्यात १९६३-६४ साली एक लहान शिडाची नौका बांधली जात होती. लांबी ३२ फूट, लाकूड सागवान. मिस्त्री इथलेच. वाकसाने लाकूड तासायचे, सामत्याने भोके पाडायची, सारे काम हाताचे. मालक होता ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला पंचविशीतला एक अधिकारी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. नौकेचे नाव ठेवले ‘सुहैली’. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. पुढे १९६९ साली याच मुंबईकर नौकेने, कुठेही न थांबता आणि एकट्या माणसाच्या हाताखाली, पृथ्वीला फेरी घातली. तोवर हे कोणालाच जमले नव्हते.

पण आज मला सुहैलीच्या बांधणीविषयी बोलायचे नाही. तिच्यासारख्या लहान नौकांच्या केबिनमध्ये बसवल्या जाणाऱ्या एका पेटीविषयी बोलायचे आहे. ही पेटी म्हणजे दूरच्या पल्ल्याचा रेडिओ. लांबच्या सफरीला निघणाऱ्या प्रत्येकापुढे तो प्रश्न येतोच, की रेडिओ कोणता घ्यायचा? दुकानदार पल्ला सांगतो, वॅट सांगतो, किंमत सांगतो. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या सफरी नीट पाहिल्या, की लक्षात येते की खरी निवड पेटीची नसतेच. भर समुद्रातून आपण हाक मारली तर ओ देणारे कोण आहे, हे त्या माणसाला ठरवायचे असते. आणि ती ओ आपल्याला हवी आहे का, हेही.

आधी हाक जाते कशी ते पाहू. किनाऱ्याजवळ वापरतात तो व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत जातो. पृथ्वीचा बाक आड आला की संपला. होडीवरून फार तर पंधरा-वीस मैल. बंदरात शिरायला तो पुरेसा, महासागरात निरुपयोगी. तिथे लागतात लघुलहरी. आपल्यापैकी ज्यांनी पूर्वी बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकली असेल, त्यांना लघुलहरींचा स्वभाव वेगळा सांगायला नको. गाणे ऐन रंगात आले की आवाज खोल विहिरीत जायचा आणि पुन्हा वर यायचा. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, उन्हामुळे विद्युतभारित झालेले कण असतात. लघुलहरी तिथे वळतात आणि हजारो मैलांवर जमिनीवर उतरतात. हा थर दिवसा एक असतो, रात्री दुसरा. उन्हाळ्यात वेगळा, हिवाळ्यात वेगळा. म्हणून नौकेवरच्या माणसाला ४, ८, १२, १६ मेगाहर्ट्‌झ असे वेगवेगळे पट्टे बदलत बसावे लागते. दिवसा वरचा पट्टा, अंधार पडला की खालचा. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. शेजारच्या बंदराला आपला आवाज ऐकू जात नाही, आणि चार हजार मैलांवरचे केंद्र मात्र शेजारी बसल्यासारखे बोलते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

सिलोन ऐकणे मात्र सोपे होते, कारण तिकडून बोलणाऱ्या केंद्रापाशी भलीमोठी शक्ती होती. होडीवरून बोलणाऱ्यापाशी असतात बॅटरीतून काढलेले जेमतेम शंभरेक वॅट. त्यातही जुन्या पद्धतीच्या रेडिओत मोठी नासाडी व्हायची. समजा, आपण एकच पत्र दोन प्रतींत पाठवतो आहोत, आणि तीन रुपये खर्चातले दोन रुपये पत्र नेणाराच खातो आहे. जुन्या लहरीचे तसेच होते. दोन तृतीयांश शक्ती वाहक लहर खायची, आणि उरलेल्या एक तृतीयांशात बोलणे दोनदा पाठवले जायचे. पुढे ‘सिंगल साइडबँड’ हे तंत्र आले. त्यात वाहक लहरही दाबतात आणि दुसरी प्रतही, आणि सगळा जोर एकाच प्रतीवर लावतात. पण ज्या काळाविषयी मी बोलणार आहे, तेव्हा लहान नौकांपाशी ही चैन सहसा नव्हती.

शिवाय दोन अडचणी. डोलकाठीला मागून ताणून धरणारी पोलादी तार असते, तिलाच दोन्ही टोकांना विद्युतरोधक बसवून तिचा अँटेना करतात. उत्तम सोय, पण डोलकाठी मोडली की अँटेनाही गेला, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. आणि अँटेनाचा अर्धा भाग असतो खाली, समुद्रात. रेडिओला पाण्याशी चांगला संपर्क, म्हणजे ‘अर्थ’, लागतो. पोलादी नौकेला तो आपसूक मिळतो. लाकडी नौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकावे लागतात. त्यातून बोलायला बटण दाबले, की बॅटरी रडकुंडीला येते आणि केबिनमधला दिवा मंद होतो.

एवढे असूनही कमी शक्तीत मोठे काम झालेले आहे. १९४७ साली थॉर हायरडाल आणि त्याचे पाच सोबती ‘कॉन-टिकी’ नावाच्या लाकडी ओंडक्यांच्या तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियाला गेले, १०१ दिवसांत. त्यांच्यातले क्नुट हॉगलँड आणि टोर्स्टाइन रॉबी हे दोघे महायुद्धात जर्मनव्याप्त नॉर्वेत चोरून बिनतारी संदेश पाठवणारे. तराफ्यावरचे त्यांचे यंत्र सहा वॅटचे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या छोट्या बल्बाएवढे. पण जगभर रात्री कानाला हेडफोन लावून बसलेले हौशी रेडिओवाले त्यांना सापडत गेले. तराफा प्रवाळाच्या खडकावर आपटणार हे दिसू लागले, तेव्हा त्यांनी राराटोंगा बेटावरच्या अशाच एका हौशी माणसाला सांगून ठेवले, की ३६ तासांत आमचा आवाज आला नाही तर वॉशिंग्टनमधल्या नॉर्वेच्या वकिलातीला कळवा. तराफा आपटला. यंत्र भिजले. ते सुकवून, जोडून, मुदत संपता संपता त्यांनी आवाज दिला. सहा वॅटमागे तिकडे जागा असलेला तो एक माणूस होता.

आता येऊ १९६८ सालाकडे. आदल्या वर्षी फ्रान्सिस चिचेस्टर हा पासष्टीचा इंग्रज एकट्याने, वाटेत फक्त सिडनीला थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. वाटेवरून तो लंडनच्या वृत्तपत्रांना बिनतारी यंत्रावरून मजकूर सांगायचा आणि लोक सकाळी चहाबरोबर ते वाचायचे. वृत्तपत्रांना कळून चुकले, की समुद्र विकला जातो, पण त्यासाठी होडीवर रेडिओ हवा. मार्च १९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने स्पर्धा जाहीर केली. एकट्याने, न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. पहिल्या येणाऱ्याला सोन्याचा गोल, गोल्डन ग्लोब, आणि सर्वांत कमी दिवसांत पूर्ण करणाऱ्याला पाच हजार पौंड. निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. नऊ जण निघाले. त्या नऊ जणांतल्या चौघांच्या रेडिओची ही गोष्ट आहे.

पहिला अर्थातच सुहैलीचा नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी तो फाल्मथहून निघाला. पहिल्या काही महिन्यांतच दक्षिणेच्या लाटांनी होडी आडवी करून दाखवली, केबिनमध्ये पाणी खेळले, आणि त्याचा ट्रान्समीटर मुका झाला. ऐकू यायचे, बोलता यायचे नाही. मग त्याने जुने उपाय केले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ वाटाड्यांची बोट दिसली, तिच्यावर पत्रे टाकली. न्यूझीलंडच्या ओटागोपाशी किनाऱ्याशेजारी येऊन एका पत्रकाराशी आरडाओरडा करून बोलला. तो नोव्हेंबर १९६८. त्यानंतर साडेचार महिने जगाला त्याची काही खबर नाही.

त्या साडेचार महिन्यांतला डिसेंबर मला फार विचारात टाकतो. नाताळच्या सुमारास अपोलो-८ मधले तीन अंतराळवीर चंद्राभोवती फिरत होते. पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवरून त्यांचा आवाज स्वच्छ येत होता. हॉर्नच्या वाटेवर, जगातल्या सर्वांत ओसाड पाण्यात, सुहैलीच्या केबिनमध्ये बसून नॉक्स-जॉन्स्टनने ती बातमी आपल्या रेडिओवर ऐकली. चंद्राजवळच्या माणसांची खुशाली त्याला कळली, पण आपण जिवंत आहोत हे घरी कळवायला त्याच्यापाशी साधन नव्हते. १७ जानेवारी १९६९ रोजी त्याने केप हॉर्न ओलांडले. पुढे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अझोर्स बेटांच्या बाजूला ‘मोबिल ॲक्मे’ हे तेलवाहू जहाज दिसले. त्याने दिव्याची उघडझाप करून मोर्समध्ये आपले नाव कळवले. जहाजाने लंडनला तार केली. इंग्लंडमध्ये घरच्यांनी आशा धरून ठेवली होती, तिला हा पहिला पुरावा. २२ एप्रिल रोजी, ३१२ दिवसांनी, तो फाल्मथला परतला.

दुसरा बर्नार्ड मुआतेसिए. फ्रेंच, जन्म हनोईचा, लहानपण तिकडच्याच समुद्रावर गेलेले. त्याची नौका ‘जोशुआ’ पोलादी कवचाची, म्हणजे रेडिओला सर्वांत सोयीची. वृत्तपत्राने त्याला रेडिओ देऊ केला आणि त्याने सरळ नाकारला. वजन नको, विजेची कटकट नको, आणि मुख्य म्हणजे ते बोलणे नको. त्याने बरोबर काय घेतले असेल? गलोल. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत चिठ्ठी घालायची आणि जवळून जाणाऱ्या जहाजाच्या डेकवर नेम धरून मारायची. आपल्याकडे आंबे पाडायला मुले वापरतात ना, तीच.

याला विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता येईल, पण मला तसे वाटत नाही. रेडिओ घेतला की रोज कोणीतरी विचारणार, कुठे आहेस, किती मैल झाले, पुढचा किती मागे आहे. ज्याला पुढच्या-मागच्याशी देणेघेणे नाही, त्याने तो प्रश्नच बंद करून टाकला. मार्च १९६९ मध्ये केप टाउनजवळ त्याने एका तेलवाहू जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकली. मजकूर वृत्तपत्रासाठी होता. स्पर्धा जिंकायच्या बेतात असताना तो सांगत होता की मी युरोपला परत येत नाही, पुढेच जातो आहे. समुद्रावर मी सुखी आहे, असा त्याचा आशय. तो तसाच पुढे अर्धी पृथ्वी जाऊन जूनमध्ये ताहितीला पोहोचला. त्याच्या बायकोला ही बातमी कशी वाटली असेल, हा प्रश्न मात्र उरतो. गलोलीने फेकलेल्या चिठ्ठीला ओ देता येत नाही.

तिसरा डोनाल्ड क्राउहर्स्ट. वय ३६, चार मुलांचा बाप, आणि पेशाने इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. त्याची छोटी कंपनी रेडिओच्या साहाय्याने दिशा काढायचे एक हातात धरायचे उपकरण बनवायची. म्हणजे या सगळ्या स्पर्धकांत रेडिओ खऱ्या अर्थाने कळत होता तो यालाच. कंपनी डबघाईला आली होती, होडीसाठी घेतलेल्या पैशापायी घरही गहाण पडलेले. ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ ही त्याची तीन सांगाड्यांची नौका घाईघाईत पुरी झाली आणि तो ३१ ऑक्टोबरला, अगदी शेवटच्या दिवशी, निघाला. दोन आठवड्यांत त्याला कळले, की ही होडी दक्षिण महासागरात टिकणार नाही. परत फिरावे तर दिवाळखोरी, पुढे जावे तर मरण.

त्याने तिसरा मार्ग काढला तो रेडिओमुळेच शक्य होता. अटलांटिकमध्येच रेंगाळायचे आणि तारा मात्र धावत्या पाठवायच्या. डिसेंबरात त्याने एका दिवसात २४३ मैल तोडल्याचे कळवले. तो विक्रम ठरला असता. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. त्याचा प्रसिद्धी पाहणारा माणूस तर प्रत्येक तारेला आणखी शिडे लावत होता. चिचेस्टरसारख्या एखाद्या जुन्या खलाशाने तेवढी शंका घेतली.

पण लघुलहरींचा स्वभाव मी मघाशी सांगितला, तो आठवा. आपला आवाज कुठे उतरेल हे आपण कुठे आहोत आणि दिवसाची वेळ कोणती यावर ठरते. हिंदी महासागरात असलेल्या नौकेने ऑस्ट्रेलियाच्या, न्यूझीलंडच्या केंद्रांशी बोलायला हवे. अटलांटिकमधून ते जमणार कसे? आणि भलत्याच केंद्राने ओ दिली, तर खोटे उघडे पडणार. ज्याला रेडिओ कळत होता त्याला हेही कळत होते. म्हणून जनित्र बिघडल्याची सबब सांगून जानेवारी १९६९ मध्ये तो गप्प झाला, तो एप्रिलपर्यंत. त्या मौनात तो दूरदूरच्या केंद्रांची हवामानवृत्ते ऐकून लिहून घेत होता. जिथे तो कधी गेलाच नाही, तिथल्या खोट्या नोंदींत खरे हवामान भरायला. तीन महिने नुसते ऐकायचे, आणि कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. एकाकीपणाची याहून कठीण जात मला सुचत नाही.

चौथा नायजेल टेटली. हा आरमारातला अधिकारी प्रामाणिकपणे पृथ्वी वळसा घालून अटलांटिकमध्ये परत आला होता. त्याची नौका खिळखिळी झालेली. जरा सबुरीने हाकली असती तर बहुधा पोहोचली असती. पण क्राउहर्स्ट पुन्हा बोलू लागला होता आणि त्याच्या आकड्यांप्रमाणे तो मागून वेगाने येत होता. टेटलीने शिडे कमी केली नाहीत. २१ मे १९६९ रोजी अझोर्सजवळ नौका फुटली. त्याने संकटाची हाक दिली, ती ऐकली गेली, आणि तराफ्यावरून त्याची सुटका झाली. एकाच्या रेडिओवरच्या खोट्या आकड्यांनी नौका बुडाली आणि दुसऱ्याच रेडिओने माणूस वाचला.

टेटली बाद झाल्यावर पाच हजार पौंड क्राउहर्स्टचेच, आणि मग त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार. त्याच सुमारास त्याचा ट्रान्समीटर खरोखर बिघडला. सबब खरी झाली. विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात, केबिनभर तारा आणि सुटे भाग पसरून, तो दिवसच्या दिवस ते यंत्र जोडत बसला. त्याला बायकोशी बोलायचे होते. मोर्सची टिकटिक जमली. आवाज शेवटपर्यंत जमला नाही. १ जुलैची नोंद शेवटची. १० जुलै रोजी ‘पिकार्डी’ या टपालजहाजाला ती नौका रिकामी भटकताना सापडली. स्पर्धा पूर्ण करणारा एकटा नॉक्स-जॉन्स्टन उरला. मिळालेले पाच हजार पौंड त्याने क्राउहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

त्या वर्षी ज्याचा रेडिओ बंद पडला तो जिंकला आणि ज्याने घेतलाच नाही तो सुखाने ताहितीला गेला, यावरून कोणी रेडिओच नको असा निष्कर्ष काढला तर टेटली त्याला हसला असता. यंत्राने कोणाचा स्वभाव बदलला नाही, एवढेच म्हणता येते.

पुढची कथा भराभर सांगतो. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातले पोर्टिसहेड रेडिओ हे जगातल्या मोठ्या सागरी केंद्रांपैकी एक. क्राउहर्स्टच्या हाकाही त्याने घेतल्या. अशा केंद्रांत आणि जहाजांवरच्या बिनतारी कक्षांत एक घड्याळ असे. तबकडीवर तीन-तीन मिनिटांचे लाल आणि हिरवे पट्टे. तासाला चार वेळा तो पट्टा आला, की संकटाच्या लहरीवर सगळ्यांनी गप्प बसायचे, कोणी क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ती ऐकू यावी म्हणून. मला ही माणसाने समुद्रावर काढलेली सर्वांत सभ्य युक्ती वाटते. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांसाठी नवी स्वयंचलित संकटसूचना यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सची ड्यूटी संपली. पोर्टिसहेडने २००० साली दिवा मालवला. लहान नौकांपाशी तोवर सिंगल साइडबँडचे सेट आले होते. त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ हजेरी घेणाऱ्या मंडळ्या जमल्या, हौशी रेडिओवाले आले, पुढे त्याच लघुलहरींवरून हळूहळू का होईना, ई-मेलही जाऊ लागला. या हजेरीचा फायदा असा, की एकाने मारलेली हाक वीस नौकांना एकदम ऐकू जाते. फोनवर ती एकालाच जाते, आणि त्याने उचलला तर.

मग फोनच आला, उपग्रहाचा. ६६ उपग्रहांचे जाळे असलेली इरिडियमची सेवा १९९८ साली सुरू झाली, वर्षभरात दिवाळे निघाले, आणि २००१ पासून ती पुन्हा उभी राहिली. आता तर थाळीएवढ्या अँटेनावर भर समुद्रात सिनेमा पाहता येतो. बॅटरी, अर्थ, आयनांबर, कशाचीच फारशी पंचाईत नाही. आपल्याकडे मात्र आणखी एक प्रश्न पडतो, तो परवानगीचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी पळवलेल्या ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीत उपग्रह फोन सापडला होता. भारतात असा फोन परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे, आणि गोव्याला किंवा मुंबईला येणाऱ्या परदेशी नौकावाल्याला हे आधीच ठाऊक असलेले बरे. जो फोन त्याचा जीव वाचवू शकतो, तोच त्याला पोलीस ठाण्यात बसवू शकतो.

आपल्या मच्छीमारांची गरज तर फोनची नाहीच. त्यांना एक बटण पुरते. इस्रोने बनवलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून बोटींवर जाऊ लागले. बटण दाबले की उपग्रहामार्गे तटरक्षक दलाला हाक जायची. पण ती एकतर्फी. बुडत्या बोटीवरच्या तांडेलाला ती पोहोचली की नाही हे कळत नसे. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात नियंत्रण कक्षाकडून उलट पोच येते. चौदा वर्षांनी का होईना, ओ मिळाली.

आणि आता पुन्हा सुहैली. फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहणारे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला होता, की भारतीयाने एकट्याने, भारतात बांधलेल्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलाने कमांडर दिलीप दोंदे यांना निवडले. ते तयारीसाठी इंग्लंडला गेले, ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली, आणि दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये परतले. त्यांचे सहकारी अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता तीच फेरी करून आले. या दोघांपाशी उपग्रह फोन होते. घरी बोलता येत होते.

२०१८ साली गोल्डन ग्लोब स्पर्धेला पन्नास वर्षे झाली म्हणून ती जुन्या नियमांनी पुन्हा भरली. सेक्स्टंटने स्थान काढायचे, कागदी नकाशे वापरायचे, आणि बोलायला लघुलहरींचा रेडिओ. उपग्रहाची साधने मोहोरबंद पेटीत किंवा फक्त आयोजकांशी बोलण्यापुरती. टॉमी यांची नौका ‘थुरिया’ ही सुहैलीचीच प्रतिकृती होती, आणि तीही गोव्यात त्याच गोदीत बांधलेली. १ जुलैला स्पर्धा सुटली. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने थुरिया पालथी घातली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. उठता येईना. उपग्रह फोन बंद. हातापाशी राहिले होते छोटे मजकूर पाठवायचे एक उपकरण. त्यावरून त्यांनी आयोजकांना कळवले, की नौका उलटली, डोलकाठी गेली, पाठीला मार आहे, उठू शकत नाही. दुसरे तसलेच उपकरण, त्याची बॅटरी आणि हातात धरायचा रेडिओ आणीबाणीच्या पिशवीत नीट भरून ठेवले होते. ती पिशवी त्यांच्या हाताच्या अंतरावर नव्हती.

ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि भारत, तिघांनी मिळून शोध सुरू केला. मॉरिशसहून उडालेले आपल्या नौदलाचे पी-८आय विमान त्या नौकेवर पोहोचले. खाली मोडकी डोलकाठी कडेला लोंबकळत होती आणि नौका भयंकर हेलकावत होती. डेकवर कोणी नाही. माणूस आत पडला आहे, जिवंत आहे की नाही, वरून दिसत नव्हते. आत टॉमींपाशी ईपर्ब होते. जहाज बुडाले तर आपोआप इशारा देणारे, खांद्याला अडकवता येईल एवढे यंत्र. त्यावर बोलता येत नाही. विमानाला उत्तर म्हणून त्यांनी ते एकदा चालू केले. आकाशात एक टिक ऐकू आली. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाच्या माणसांनी छोट्या बोटीने थुरियापर्यंत जाऊन त्यांना बाहेर काढले.